ट्रायाजच्या नोंदी संगणकाला वाचायला देताना

कॅज्युअल्टीच्या दारात ट्रायाज करताना, म्हणजे कोणाला आधी तपासायचं ते ठरवताना, सिस्टर दोन ओळी खरडते: 'छातीत दुखतंय, घाम, बीपी आहे.' एवढ्यावरून गंभीर रुग्ण आधी हेरता येतो का, हे गोव्यातल्या नोंदींवर तपासताना मॉडेलला, म्हणजे जुन्या नोंदींवरून शिकणाऱ्या प्रोग्रॅमला, फारसा वेळ लागला नाही. नोंदी आणि लेबलांनीच, म्हणजे प्रत्येक नोंदीला जोडायच्या 'बरोबर उत्तरां'नीच, तो खाल्ला. एथिक्स कमिटीची परवानगी घेऊन नाव, फोन आणि वाड्याचं नाव आधीच गाळलं होतं.

पूर्वी दिलेला तातडीचा लाल-पिवळा-हिरवा रंगच उत्तर मानला, तर मॉडेल जुने पूर्वग्रह पाठ करतं. दारूचा वास येतो म्हणून बाकावर बसवलेला स्कूटरवाला डोक्याला मार असूनही हिरवाच राहतो. म्हणून आम्ही उत्तर परिणामावरून ठरवलं: २४ तासांत आयसीयू, तातडीची शस्त्रक्रिया किंवा मृत्यू. पण म्हापसा किंवा मडगावच्या इस्पितळातून बांबोळीच्या गोवा मेडिकल कॉलेजला पाठवलेल्याची तिथली नोंद 'रेफर'वर संपते. ती 'घरी सोडलं' या गटात पडली, तर डोक्याचा मार किरकोळ असतो असा धडा मॉडेल घेतं. दोन्हीकडच्या फाइली जुळवाव्यात. न जुळल्यास रेफर गंभीरच धरावा.

डॉक्टरांनी तपासल्यावर त्याच रकान्यात 'सीटी केला' अशी भर पडते. मग चाचणीत भरघोस गुण मिळतात आणि दारात मॉडेल उघडं पडतं. तपासणीपूर्वीची, वेळ नोंदलेली आवृत्तीच घ्यावी आणि चाचणीसाठी नंतरचे महिने राखून ठेवावेत.

सर्वांत घातक भाग नकाराचा. इंग्रजी नोंदींतले नकार ओळखण्यासाठी लिहिलेला नेगेक्स हा २००१चा नियमसंच बहुतेक नकार लक्षणाच्या आधी शोधतो. आपल्याकडे 'उलटी नाही', कोंकणीत 'उलटी ना'. दिशा उलटली तरी भागत नाही. 'श्वास घेता येत नाही', 'लघवी होत नाही', 'हात उचलत नाही' यांत नकार हेच लक्षण आहे. कोंकणी 'जायना'मधला (श्वास घेणं 'जमत नाही') 'ना' नकार म्हणून कापला, तर धाप लागलेला रुग्ण यादीतून गायब! अशा क्रियापदांची अपवादयादी सिस्टरांसोबत बसूनच होते.

गूगलच्या म्युरिल या भारतीय भाषांच्या मॉडेलमध्ये मराठी-हिंदी आहे, कोंकणी नाही. रोमी (रोमन लिपीतली) कोंकणी तर कानाला येईल तशी लिहिलेली. तिथे ३ ते ५ अक्षरांचे तुकडे आणि साधं लॉजिस्टिक रिग्रेशन (प्रत्येक तुकड्याला वजन देऊन धोक्याची शक्यता काढणारी पद्धत) यांपासून सुरुवात करावी. साध्या संगणकावरही ते चालतं. गुण भाषावार वेगळे काढावेत, सरासरीत कोंकणी रुग्ण बुडतो.

मजकुरासोबत नाडी, श्वसनगती आणि ऑक्सिजन द्यावाच. प्रौढात ऑक्सिजन ९२ टक्क्यांखाली, श्वसनगती २०च्या वर किंवा नाडी १००च्या वर असेल, तर मॉडेल काहीही म्हणो, तातडीची पायरी वर नेण्याचा विचार व्हायलाच हवा. मॉडेलला रुग्ण एक पायरी वर सुचवण्याची मुभा द्यावी, खाली आणण्याची कधीच नाही. सूचनेसोबत ती कोणत्या शब्दांमुळे आली ते दिसावं, नाहीतर सिस्टर तिसऱ्या दिवशी खिडकी बंद करते.

सूचना पडद्यावर न आणता निदान एक पावसाळा चालवून पाहा. जूनपासून तापाच्या नोंदी वाढतात. लेप्टोचा (लेप्टोस्पायरोसिसचा) 'ताप, अंगदुखी' आणि साधा 'ताप, अंगदुखी' यांत अक्षराचाही फरक नसतो. तिथे बीपी आणि 'लघवी कमी झाली का?' हा विचारलेला प्रश्नच कामाला येतो.