तुम्ही विचारलंत म्हणून: आग्वादला दीप होता, तरी जहाजं गेली कशी?

मांडवी नदीच्या मुखावरच्या आग्वाद किल्ल्याच्या डोक्यावर एवढा दीपस्तंभ उभा असताना पोर्तुगीज काळात जहाजं गोव्याच्या तोंडाशी येऊन बुडायची कशी, असं मला सतत विचारलं जातं. प्रश्नात एक आरोप दडलेला असतो: दिवेवाला झोपला असणार, नाहीतर जहाज हाकणारा तांडेल अडाणी असणार. दोन्ही मला मान्य नाहीत.

आधी तारखा. किल्ला 1612 चा आणि आज दिसतो तो जुना मनोरा 1864 चा. लिस्बनची मोठी गलबतं ज्या काळात इथे येत होती, त्या काळात हा मनोरा नव्हताच. पर्यटकांसाठीच्या मजकुरात ‘1864 साली बांधला, 1834 साली सुधारला’ असंही छापलेलं असतं. ते वाचून लोक प्रश्न विचारतात, मग राग येणार नाही तर काय?

या दीपाचा झोत सुरुवातीला सात मिनिटांतून एकदा दिसे, पुढे तो तीस सेकंदांवर आला, असं सांगितलं जातं. हिशेब करून पाहा. सहा नॉटने, म्हणजे ताशी अकराएक किलोमीटरने, चाललेलं जहाज सात मिनिटांत तेराशे मीटर पुढे गेलेलं असतं, तीस सेकंदांत नव्वदेक मीटर. त्या काळच्या फिरत्या दीपांत भिंगांची जड चौकट चाकांवर, खाली उतरणाऱ्या वजनाच्या ओढीने फिरे. घर्षण एवढं, की ती भराभर फिरवता येत नसे. पाऱ्यावर तरंगणारी, म्हणून सहज फिरणारी चौकट आली ती एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी.

म्हणून पूर्वी मी सरळ सांगायचो, की दोष मंद दीपाचा. आज तेवढ्यावर माझं समाधान होत नाही. दीप कितीही भराभर फिरवा, तो सांगतो ते ‘हे आग्वाद’ एवढंच. तळाखाली पाणी किती, हे तो सांगत नाही.

आणि मांडवीच्या मुखावर खरा प्रश्न पाण्याचाच आहे. पावसाळ्यात नदीचा लोंढा बाहेर येतो, नैर्ऋत्येच्या लाटा आत येतात, दोन्ही भिडतात तिथे वाळूचा दांडा धरतो. दर पावसाळ्यानंतर त्यातली खोल वाट थोडी सरकते. समजा, दांड्यावर ओहोटीला तीन मीटर पाणी आहे, भरतीने दोन मीटर वाढलं आणि गलबताचा तळ पाण्याखाली चार मीटर असतो. कागदावर एक मीटर शिल्लक. पण दोन मीटरची लाट असेल तर तिच्या खळग्यात पाणी एक मीटरने उतरतं आणि तळ वाळूला टेकतो. पुढची लाट गलबत उचलून पुन्हा आपटते. सुकाणू खालीच असतं, ते आधी मोडतं. मग नाळ, म्हणजे गलबताचं पुढचं टोक, फिरते, गलबत लाटांना आडवं होतं आणि सुटायची आशा संपते. भांगाच्या दिवसांत, म्हणजे अष्टमीच्या सुमारास, भरतीच कमी चढते, तेव्हा तर तो एक मीटरही नसतो.

यावर उपाय होते. किनाऱ्यावरच्या दोन खुणा एका रेषेत धरून आत यायचं. मागची खूण पुढच्या खुणेच्या डावीकडे दिसू लागली तर गलबत वाटेच्या डावीकडे गेलं, ते उजवीकडे घ्यायचं. पण वाट सरकली की खुणा गेल्या वर्षीची वाट दाखवतात. म्हणून शिशाचं वजन दोरीला बांधून पाणी वावांत (एक वाव म्हणजे सुमारे सहा फूट) मोजत राहायचं. वजनाच्या बुडाशी खळगा, त्यात चरबी. चरबीला वाळू चिकटून आली तर वाळू, चिखल आला तर चिखल, आणि काहीच न येता ओरखडा उमटला तर खडक.

खडक आला की ही मोजणीही तोकडी पडते. मुरगावच्या तोंडाशी सुंची नावाचा बुडालेला खडक आहे. सतराव्या शतकाच्या सुरुवातीचं एक पोर्तुगीज जहाज तिथे फुटलं. दोनापावलच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या संशोधकांना तिथे तोफा, हस्तिदंत, पाणघोड्याचे दात आणि चिनी मातीची भांडी मिळाली. चार नॉटने चाललेलं जहाज मिनिटाला सव्वाशे मीटर जातं. एक मोजणी आणि दुसरी यांत अर्धा मिनिट गेला तरी मध्ये साठ मीटर न मोजलेले. वाळू हळूहळू उथळ होते, खडक तशी सूचना देत नाही. गोव्याच्याच समुद्रातल्या आमी शोल्स या उथळ जागेवर तर वाफेच्या जहाजाचे अवशेष आहेत. बॉयलर होता, वाऱ्यावर अवलंबून राहायचं नव्हतं, तरी तेही गेलं.

घंटेचंही विचारता. ओल्ड गोव्याच्या ऑगस्टिनियन मठाची प्रचंड घंटा 1841 ते 1871 आग्वादला होती, नंतर ती पणजीच्या चर्चमध्ये गेली. जोराच्या पावसात दीप दिसत नाही, तेव्हा घंटा ऐकू येईल, असं आपल्याला वाटतं. पण पावसाळ्यात वारा समुद्राकडून जमिनीकडे वाहतो आणि वाऱ्याविरुद्ध आवाज दूर पोचत नाही. जहाजाला तिची गरज सर्वांत जास्त असते तेव्हाच ती कमी ऐकू येणार.

मी दीपाची निंदा करत नाही. त्याच्याशिवाय रात्री मांडवीचं मुख सापडलंच नसतं. पण दीप दिसतो म्हणून एखादा कप्तान उजाडेपर्यंत बाहेर नांगर टाकून थांबायचं सोडून आत शिरत असेल का? या शंकेचं उत्तर माझ्यापाशी नाही. लोखंडाचं खनिज वाहणारे बार्ज, म्हणजे सपाट तळाच्या मालवाहू नौका, पावसाळ्यात आग्वादच्या दांड्यावरून जात नसत, मांडवी आणि झुआरी नद्यांना जोडणाऱ्या कुंभारजुव्याच्या कालव्याने झुआरीत उतरून मुरगाव गाठत. आग्वादचा दीप तेव्हाही चालूच होता.