हुतात्मानं पुणं, हुसेनसागरनं हैदराबाद

“सोलापूरच्या ना तुम्ही? मग पाणी जपून वापरायची सवय असेलच मुलीला. बरं झालं.”

पुण्यात नारायण पेठेतल्या एका जुन्या इमारतीत खोली दाखवता दाखवता मालकीणबाई हे बोलल्या. कौतुकानंच बोलल्या, मनात काही वाईट नव्हतं. पण मला ते इतकं लागलं की नंतर त्या किल्ली, गॅस, रात्रीचं फाटक असं जे काही सांगत होत्या, त्यातलं निम्मं माझ्या कानात शिरलंच नाही.

लेकीला एकाच महिन्यात दोन नोकऱ्या चालून आल्या, एक पुण्याची आणि एक हैदराबादची. सोलापुरात हा पेच घरोघरी असतो. गिरण्यांचे भोंगे बंद पडले तेव्हापासून आमची पोरं शिकून झालं की एकतर पश्चिमेची गाडी धरतात, नाहीतर पूर्वेची. महामार्ग एकच. एका बाजूला पुणं सुमारे २५० किलोमीटर, दुसऱ्या बाजूला हैदराबाद ३००च्या वर. शेजारच्या काकू रोज जिन्यात गाठून विचारायच्या, “काय ठरवलाव मग, पुणं का हैदराबाद?” शेवटी म्हटलं, दोन्ही शहरं डोळ्यांनी बघू, राहायच्या जागा बघू आणि मग ठरवू. आठ दिवसांत दोन्हीकडं जाऊन आलो.

पुण्याला हुतात्मा एक्सप्रेसनं गेलो. या गाडीत बसलं की मला दर वेळी तेच आठवतं. मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे. १९३० साली सोलापूरनं इंग्रजांचं राज्य काही दिवस झुगारून दिलं, मग मार्शल लॉ आला आणि १२ जानेवारी १९३१ला या चौघांना येरवड्याच्या तुरुंगात फाशी दिलं. पुणेकरांसाठी येरवडा म्हणजे विमानतळाकडं जायचा रस्ता. आमच्यासाठी तो सोलापुरातल्या चार हुतात्मा चौकाचं दुसरं टोक आहे. लेकीला हे मी गाडीतच सांगितलं. तिला चौघांची नावं पाठ होती, मला बरं वाटलं.

पुणं दिसायला कसं आहे? पेठांमध्ये वाडे जाऊन इमारती आल्या, पण गल्ल्यांची रुंदी वाड्यांच्या काळातलीच राहिली, त्यामुळं मान वर केली तरच आकाश दिसतं. डेक्कन ओलांडून प्रभात रस्त्याकडं गेलं की एकदम झाडंच झाडं, जणू वेगळंच गाव. शनिवारवाडा १८२८च्या आगीत गेला, उरले ते तट, दिल्ली दरवाजा आणि आतली जोती. तरी त्या जोत्यांवर उभं राहिलं की कारंज्यांसकट सगळा वाडा मनात उभा राहतो. मला मनापासून आवडलं ते केळकर संग्रहालय. पानाचे डबे, अडकित्ते, दिवे, माणसांच्या रोजच्या हातातल्या वस्तू इतक्या मायेनं जपलेल्या मी दुसरीकडं पाहिल्या नाहीत. मेट्रोच्या डेक्कन स्टेशनला मावळ्याच्या पगडीचा आकार दिलाय, तो लांबून छान दिसतो. बाकी दीड दिवस रिक्षा आणि गर्दीत गेला.

खोली बघून झाल्यावर मी लेकीला म्हटलं, जरा नदीवर जाऊ. भिडे पुलावर गेलो. हा पूल इतका खाली आहे की पावसाळ्यात तो पाण्याखाली जातो. आम्ही गेलो तेव्हा उन्हाळा होता. खाली मुठेची काळपट धार, कडेला जलपर्णी, आणि वास. पुलावरून माणसं नाकाला रुमाल न लावता निवांत चालली होती, त्यांना त्याची सवय झाली असावी. मी कठड्याला धरून उभी राहिले.

हेच पाणी पुढं मुळा-मुठा होऊन भीमेला मिळतं. भीमा उजनी धरणात येते. आणि उजनीचं पाणी जलवाहिनीनं सोलापुरात आमच्या नळाला येतं. तेही तीन-चार दिवसांआड. पाण्याच्या वेळेला घरातलं एक माणूस जागं राहतं, मग आधी पिंप, मग हंडे, मग कळशा, शेवटी बाटल्या. मी गाळून, तुरटी फिरवून, उकळून पोरं वाढवली. पाणी जपायची सवय आम्हाला कुणी संस्कार म्हणून लावलेली नाही. ती वरून काय येतं आणि किती येतं, यावरून लागलेली आहे. पुण्यातल्या कुठल्याही बाईला मी याचा दोष देत नाही. पण कोण पाणी जपतं आणि कोण ते कुठं सोडतं, हे त्या मालकीणबाईंना माहीत असायला हवं होतं. आणि मी ते त्यांना सांगायला हवं होतं. मी मान हलवून “हो” म्हटलं आणि गप्प बसले. ते गप्प बसणं मला अजून सलतं. म्हणून हे लिहायला घेतलं.

हैदराबादला हुसेनसागर एक्सप्रेसनं निघालो. सोलापूरहून पहाटेची गाडी. मध्ये वाडी स्टेशन लागतं, काळ्या मातीचा पट्टा संपतो आणि मोठमोठे गोल धोंडे एकावर एक रचल्यासारखे दिसायला लागतात. माझ्या आजीच्या लहानपणी हा परका मुलूख होता. सोलापूर इंग्रजांचं आणि पलीकडचं नळदुर्ग, तुळजापूर निजामाचं. १३ सप्टेंबर १९४८ला भारतीय फौज सोलापूरच्या बाजूनंच आत शिरली आणि पाचव्या दिवशी निजाम शरण आला.

हैदराबाद दिसायला पुण्यापेक्षा भव्य आहे, हे कबूल करायला हवं. पुण्यात इतिहास तटाआड आहे, इथं तो चौकाच्या मधोमध उभा आहे. १५९१चा चारमिनार, त्याच्या चारही कमानींसमोर बाजार, बांगड्या, अत्तर, फळांच्या गाड्या. त्या गर्दीचा मला त्रास झाला नाही, कारण कुणाला कुठं पोचायची घाई दिसली नाही. गोवळकोंड्यावर फतेह दरवाजापाशी टाळी वाजवली की वर माथ्यावरच्या बालाहिसारला ऐकू येते, ते लेकीनं आणि मी दोन टोकांना उभं राहून करून पाहिलं. खरंच ऐकू येते. सालारजंग संग्रहालयात पाय दुखेपर्यंत फिरलो. नव्या भागात काचेच्या उंच इमारती आहेत, रुंद रस्ते आहेत. तिथं मात्र मला हे कुठलंही शहर असू शकतं असं वाटलं.

तलावावरही गेलो. हुसेनसागरात मधोमध ५८ फुटांचा एकाच दगडातला बुद्ध उभा आहे. नेताना १९९०मध्ये तो तलावात बुडाला होता, मग बाहेर काढून १९९२मध्ये उभा केला. संध्याकाळी दिवे लागले की दृश्य फार सुंदर दिसतं. वारा फिरला आणि तिथंही मुठेसारखाच वास आला. मुसी नदीचीही तीच गत आहे. १९०८च्या पुरानं याच मुसीनं निम्मं शहर धुऊन नेलं होतं आणि पुण्यानं १९६१ला पानशेतचा पूर पाहिला. एवढं सोसूनही दोन्ही शहरांनी नद्यांना असं का केलं असेल? मुसी पुढं नळगोंड्याकडं जाते. तिथल्या बायका हैदराबादकडं बघून काय म्हणत असतील, हे मला कुणी सांगायची गरज नाही.

तरी हैदराबादनं मला जिंकलं ते अमीरपेटेतल्या एका वसतिगृहात. तिथं स्वयंपाक बघणाऱ्या अक्कांनी विचारलं, “मीदि ए ऊरु?” मी सोलापूरच्या पूर्व भागात मागांच्या आवाजात वाढलेले, शेजारपाजार सगळा पद्मशाली, म्हणजे तेलुगू बोलणारे विणकर, त्यामुळं तोडकी तेलुगू येते. “सोलापूर,” म्हटलं. त्यांच्या हातातला डाव तसाच राहिला.

“सोलापूर? दाजी पेठ?”

त्यांची आत्या दाजी पेठेत दिलेली होती. लहानपणी त्या नारळी पौर्णिमेला सोलापुरात आल्या होत्या, मार्कंडेय महामुनींचा रथ पाहिला होता. मंदिर कसं आहे, आत्याची मुलं काय करतात, यातलं त्यांनी काही विचारलं नाही. विचारलं ते हे: “अजून रात्रीचे माग चालतात का? मला झोपच यायची नाही तिथं. आणि घरी परत आले तर आवाज नाही म्हणून झोप येईना.”

मी तिथंच बाकावर बसून रडले. लग्न होऊन दुसऱ्या पेठेत गेले तेव्हा माझंही अगदी हेच झालं होतं, आणि ते मी कधी कुणाजवळ बोलले नव्हते. अक्कांनी ताटात दहीभात वाढला, वर शेंगाची चटणी घातली आणि म्हणाल्या, “तुमच्यासारखी होत नाही इथं.” खरंच नव्हती झाली, शेंगदाणे कुटलेले नव्हते, दळलेले होते. पण मी सगळी संपवली.

माझं मन हैदराबादवर बसलं. भाडंही तिथलं कमी होतं. परतल्यावर संध्याकाळी सिद्धेश्वराच्या तळ्याकाठी बसून लेकीला मी तसं सांगितलं. समोर देऊळ, एका बाजूला भुईकोटाचा तट पाण्यात उतरलेला. पुण्या-हैदराबादच्या बसगाड्या या गावात चहापुरत्या थांबतात, त्यातून उतरून हे तळं बघायला कुणी येत नाही, याचं मला त्या दिवशी फार वाईट वाटलं. लेक बराच वेळ पाण्याकडं बघत होती. म्हणाली, “आई, मी पुण्याला जाते. शनिवारी संध्याकाळी हुतात्मा धरली की रात्री घरी.” मी काय बोलणार?

जाताना तिला चादर, कडक भाकरीची चवड आणि चटणीचा डबा दिला. खोली नारायण पेठेतलीच घेतली.

जुलैच्या शेवटी एका रात्री तिचा फोन आला. मागं पावसाचा आणि माणसांचा गलका. “आई, खडकवासल्यातून पाणी सोडलंय. भिडे पूल बुडाला. सगळे बघायला आलेत. मालकीणबाईपण आल्यात, त्यांना मी सांगितलं हे पाणी कुठं जातं ते. त्या विचारतायत, उजनी किती टक्के झाली?”

मी म्हटलं, “अजून मायनसमध्येच आहे, मृतसाठ्याच्याही खाली. सांग त्यांना, चार दिवसांत प्लसमध्ये येईल.”