परुळ्याच्या पडवीतली मादी

जुलैत चार दिवस सिंधुदुर्गातल्या परुळ्याला राहिलो. निवतीचा किल्ला आणि भोगव्याचा किनारा भर पावसात पाहिला, आदिनारायणाच्या देवळात निवांत बसलो. जेवणात रोज सोलकढी. पण लिहायचंय ते तिसऱ्या रात्रीबद्दल.

पडवीतल्या बल्बशेजारी भिंतीवर वीतभर रुंद पतंग बसला होता. तांबूस-तपकिरी, पुढच्या पंखांची टोकं नागाच्या डोक्यासारखी वळलेली आणि चारही पंखांवर एकेक त्रिकोणी पारदर्शक खिडकी. त्या खिडक्यांतून भिंतीचा चुना दिसत होता! निसर्गशास्त्रज्ञ लिनियसने १७५८ मध्ये नाव दिलेला ॲटॅकस ॲटलास हा पतंग हिमालयाकडचा. आपल्या सह्याद्री-कोकणातला त्याचा भाऊबंद म्हणजे ॲटॅकस टॅप्रोबेनिस. टॅप्रोबेन हे ग्रीकांनी श्रीलंकेला दिलेलं नाव. पोट जाड, मिशा अरुंद, म्हणजे ही मादी. नराच्या मिशा रुंद पिसांसारख्या असतात, मादीचा गंध हुंगायला.

शेजारच्या खोलीतली मंडळी आली. एकाने सेल्फीसाठी बोटाने तिचा पंख उचलला. बोटाला तपकिरी भुकटी लागली. ते तिच्या पंखांवरचे खवले होते. माझा आवाज चढला, आणि त्याचं मला जराही वाईट वाटत नाही. हिला खायला तोंडच नाही हो! अळी असताना साठवलेल्या चरबीवर जेमतेम आठवडाभर जगायचं. तेवढ्यात अंधारात गंध सोडून नराला बोलवायचं, अंडी घालायची. त्यातली एक रात्र या बल्बपाशी अडकून गेली तर?

"काकी, दिवा बंद कराल का?"

घरमालकीण काकींनी लगेच बटण दाबलं आणि कंदील आणला. "माका म्हायत आसा ह्यां पाखरू," त्या म्हणाल्या. "मिरगाचो पाऊस लागलो काय येता."

सकाळी त्यांनी परसातली दालचिनी दाखवली. फांदीला वाळक्या पानात गुंडाळलेला करडा कोष लोंबत होता, वरच्या टोकाला भोक पडलेला. कोरडे महिने असल्या कोषात काढून पावसाळी हवा सुटली की पतंग बाहेर येतो. माझ्याआधी कित्येक वर्षं काकी हे पाहत होत्या.

परत आलो तर भिंत रिकामी. दाराच्या चौकटीवर मात्र सात-आठ तांबूस अंडी चिकटलेली. सूनबाई जळमटं काढत येत होत्या. काकी आतूनच ओरडल्या, "ती चौकट रवांदे गो!"