तीन घरांचं रक्त

रविवारी पहिला चहा झाला की आमच्या नौपाड्याच्या घरात आई पुरवणीतलं शब्दकोडं उघडते. पेन्सिल नाही, बॉलपेन. "खोडायचंच असेल तर सोडवायचं कशाला?" हा तिचा बाणा.

"आडवा सात. रक्त. तीन घरं."

"रुधिर," मी मेथी निवडता निवडता म्हटलं.

"शेवटी त आहे. तिथून खाली 'तलाव' बसलाय." 'ठाणे हे कशांचं शहर?' हे काय तिला विचारायचं? तिचं बालपण मासुंद्याच्या काठावर गेलंय.

मग शोणित! तिनं ठासून लिहिलं.

रक्त हा शब्द स्वतः दोनच घरांत मावतो, जोडाक्षराला एकच घर ना. म्हणून कोडेकार त्याला सूत्रात बसवतात आणि उत्तराला संस्कृतातले पाहुणे बोलावतात. हिंदीतला खून चालला असता, पण तो मराठीत आला तो थेट पोलीस चौकीत गेला.

"अगं, दही घुसळल्यावर वर येतं ते काय?" मी डोकावून उभं सूत्र वाचलं.

"लोणी."

"मग इथे शोणी होतंय."

म्हणजे लोहित. तिसरा उमेदवार.

मला आईच्या ऑपरेशनची रात्र आठवली. गट जुळत होता, पिशवी समोर होती, तरी रक्तपेढीतल्या बाई म्हणाल्या, "थांबा, क्रॉसमॅच व्हायचंय." रुग्णाच्या रक्तद्रवात दात्याच्या पेशी मिसळून बघतात, गुठळ्या झाल्या की पिशवी परत. घरं तेवढीच, पण उभा शब्द बसत नाही. १९५२ साली डॉ. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जगापुढे मांडलेला बॉम्बे ब्लड ग्रुप तर अस्सल चकवा. नेहमीच्या तपासणीत तो 'ओ' दिसतो, पण 'ओ'चं रक्त त्याला चालत नाही, कारण 'ओ'च्या पेशींवर असणारा एच हा घटकच त्याच्याकडे नसतो. त्याला त्याच्याच गटाचं रक्त हवं. दिसायला शोणित, आतून लोहित. त्या रात्री मी त्या बाईंवर उगाच चिडलो होतो.

"लोहित म्हणजे लोहाचं काही असेल," आई म्हणाली. "डॉक्टर मला आळीव खा म्हणतात, तेच."

तिनं शोचा लो केला, णिचा हि केला. पेनानं, गिरवून गिरवून. आता ती दोन घरं इतकी काळी झालीत, की उत्तरं छापून येतील तेव्हा तिला भिंग लागणार.