तोरिनोची शाळा आणि सप्टेंबरची धाकधूक

आई फोनवर अजून विचारते, अगं तिथे तिच्यासारख्या मुलांची वेगळी शाळा नाही का, जरा सांभाळून घेतील अशी. आई गं, इटलीने असे वेगळे वर्ग १९७७ मध्येच बंद केलेत! माझ्या लेकीला डाऊन सिंड्रोम आहे, आता दुसरीत आहे, घराजवळच्याच सरकारी शाळेत, बाकी सगळ्या पोरांबरोबर.

पुण्यात शाळांचे उंबरे झिजवले ते आठवलं की अजून डोकं तापतं. एक शाळा कशीबशी तयार झाली तीही शॅडो टीचर, म्हणजे वर्गात तिच्या शेजारी बसून मदत करणारी बाई, तुम्हीच आणा, पगार तुम्हीच द्या या अटीवर, आणि २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा तेव्हा आलेला होता बरं का. इथे सोस्तेन्यो टीचर, म्हणजे अशा मुलांच्या मदतीसाठी वर्गात असणारी जादा टीचर, सरकार देतं, आणि ती कायद्याने अख्ख्या वर्गाची टीचर असते, एका मुलीला सांभाळणारी बाई नव्हे.

हे कागदावर. प्रत्यक्षात बऱ्याच जणी टेम्पररी, जूनमध्ये करार संपला की पुन्हा यादीत नंबर, काहींचं तर या कामाचं ट्रेनिंगही झालेलं नसतं. शाळा सप्टेंबरात उघडते, आमची टीचर गेल्या वर्षी दिवाळीच्या सुमारास उगवली. तोवर पोरगी वर्गात बसते की कॉरिडॉरच्या टोकाच्या खोलीत एकटी चित्रं रंगवत असते, हे रोज कोणाला विचारणार?

मग पेईची मीटिंग, म्हणजे तिचा वर्षाचा प्लॅन ठरतो ती. आम्ही दोघं मुलांच्या बुटक्या खुर्च्यांवर, गुडघे पोटाशी, समोर टीचर, सोस्तेन्यो आणि डॉक्टर. मी घरून वाचन, बेरीज असं काय काय लिहून नेलेलं, आणि त्यांचं पहिलं ध्येय काय तर जेवणाच्या वेळी टेबलावरच्या सगळ्यांना जगमधून पाणी वाढणं. मनात म्हटलं, झालं, मोलकरीण करणार! पण त्या पाण्यापायीच पोरं तिला नावाने हाक मारायला लागली, आणि वाढदिवसाचं पहिलं बोलावणंही त्याच टेबलावरून आलं.

आता २०२५ पासून पालकांना तीच टेम्पररी टीचर पुढच्या वर्षी पण मागता येते. युनियनवाले चिडलेत, यादीत वरच्या नंबरवर असलेल्यांवर अन्याय म्हणतात, आणि त्यांचंही काही चूक नाही. आम्ही अर्ज टाकलाय.