आमची वाटचाल : फायलींकडून तारखांकडे

मालकानं फाइल आणून द्यायची, आम्ही आरटीओत रांग लावायची, एवढाच आमचा धंदा होता. आता ॲपवर चालणाऱ्या टॅक्सींच्या कागदांच्या मुदतीच्या तारखा सांभाळणं हे मुख्य काम झालंय. २०१९ च्या दुरुस्तीनं मोटार वाहन कायद्याच्या कलम ९३ मध्ये ॲग्रिगेटर, म्हणजे ॲपवरून टॅक्सी जोडून देणाऱ्या कंपन्या, आले. विनापरवाना धंदा केला तर कलम १९३ खाली २५ हजार ते १ लाख दंड. त्यामुळे कंपन्याही सावध असतात. कागदाची मुदत संपली की रस्त्यावर कोणी अडवायच्या आत ॲपवरच आयडी बंद पडतो.

नूतनीकरणाचा क्रम चुकला की सगळं अडतं. आधी पीयूसी, मग विमा, कर, फिटनेस (गाडी रस्त्यावर चालवायला ठीक असल्याचा दाखला) आणि शेवटी परमिट. गाडी ८ वर्षांची होईपर्यंत फिटनेस दर २ वर्षांनी, पुढे दरवर्षी. ते संपलं की कलम ५६ प्रमाणे नोंदणीच वैध धरत नाहीत, हे बऱ्याच मालकांना दंड बसल्यावर कळतं. परमिटच्या नूतनीकरणाचा अर्ज मुदत संपण्याच्या किमान १५ दिवस आधी जायला हवा. तो अर्ज अडतो तो बहुतेक वेळा न भरलेल्या चलनामुळे, म्हणून आमच्याकडे ई-चलन आधी बघतात.

फिटनेसला सर्वांत जास्त छळतो तो सीएनजीचा सिलिंडर. त्याची हायड्रो टेस्ट, म्हणजे पाण्याच्या दाबाची तपासणी, दर ३ वर्षांनी. डिकीतलं सामान काढून, टॉर्च मारून सिलिंडरवर कोरलेला नंबर वाचायचा आणि सर्टिफिकेटवरच्या नंबराशी एकेक आकडा ताडायचा. ३ चा ८ झाला तरी गाडी परत. सिलिंडर उतरवावा लागतो, गाडी उभी राहते, त्यामुळे टेस्ट फिटनेसच्या महिनाभर आधी उरकलेली बरी. जीपीएस यंत्राचंही तसंच: यंत्र धडधाकट, पण आतल्या सिमचा रिचार्ज संपलेला.

चालकाची बाजू जास्त निसरडी. सर्वोच्च न्यायालयानं २०१७ मध्ये आणि पुन्हा नोव्हेंबर २०२४ मध्ये सांगितलं, की ७,५०० किलोपर्यंतच्या व्यावसायिक गाडीला साधं एलएमव्ही (हलक्या वाहनाचं) लायसन्स चालतं. यावरून बॅज, म्हणजे प्रवासी गाडी चालवायची आरटीओची परवानगी, लागत नाही असं काही जण धरून चालतात. बॅज वेगळा, प्रवासी वाहतुकीला तो काढावाच लागतो. पांढऱ्या पाटीच्या, म्हणजे खासगी नोंदणीच्या गाडीबद्दल न बोललेलंच बरं: परमिट नाही म्हणून कलम १९२अ खाली दंड, शिवाय अपघातात विमा कंपनी हात वर करते.

कागद सगळे चोख, पण स्टिअरिंगवर भलताच माणूस, ही खरी पळवाट. दिवसपाळीचा चालक स्वतःचा आयडी रात्रपाळीच्या भावाला देतो. ॲग्रिगेटरसाठीच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांत चालकाला दिवसाला १२ तासांची मर्यादा आणि नंतर १० तास विश्रांती होती; दोन ॲपवर आठ-आठ तास लॉगिन असेल तर ती बेरीज कोण करणार? म्हणून पाळी बदलताना गाडीच्या किल्लीबरोबर लायसन्स नंबर, लॉगिनची वेळ आणि सही एकाच रजिस्टरात घ्यायला आम्ही मालकांना लावतो. सही दोन्ही चालकांची, समोरासमोर.