तुम्ही विचारलंत म्हणून: आम्ही दोघी 'सेम' आहोत का?

"जुळ्या ना तुम्ही? मग दोघी अगदी सेम?" लग्नाकार्यात विचारतात, स्टाफरूममध्ये विचारतात. मी गणित शिकवते हे कळलं की पुढचा प्रश्न ठरलेला: "मग सेम म्हटल्यावर एवढं मनाला का लागतं? डावी बाजू बरोबर उजवी बाजू हेच तर शिकवता!"

आधी एक सांगते. माझ्या वर्गातली मुलं दिवसभर 'सेम' म्हणतात, ते मला आवडतं. एक म्हणते, "काही डोक्यात शिरत नाहीये," शेजारची म्हणते, "सेम." त्यात मोजमाप नसतं, सोबत असते. ती सोबत पुढे सरकेलच असं नाही. पहिलीचं दुसरीशी सेम, दुसरीचं तिसरीशी सेम, आणि पहिली-तिसरी एकमेकींचं तोंड बघत नाहीत, असंही असतं.

गणितात हे चालत नाही. क हा ख-शी सममूल्य आणि ख हा ग-शी, तर क हा ग-शी असलाच पाहिजे. पण मुळात कशाच्या बाबतीत सममूल्य, ते आधी सांगावं लागतं. गाऊस या जर्मन गणितज्ञाने 1801 च्या ग्रंथात तीन आडव्या रेघांचं चिन्ह वापरलं, तेव्हा शेजारी भाजकही लिहिला. 12 ने भागून उरणारी बाकी बघायची तर 7 आणि 19 एकच. कोण मोठा ते बघायचं, तर नाहीत.

आता एका स्थळाची गोष्ट. बहिणीला बघायला मंडळी आली, पोहे झाले, ती आणि मुलगा गच्चीवर बराच वेळ बोलले. रात्री तिने नकार दिला. स्वयंपाकघरात मावशी कपबश्या विसळत होती. हात न थांबवता म्हणाली, "मग हिला विचारा की. पत्रिका तीच, रूप तेच, शिक्षणही तेवढंच." मी ओट्याशी उभी होते. आई काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी बाबांनी फोन केला. तिकडून उत्तर आलं, "चालेल." तो मुलगाही चालेल म्हणाला. माझ्या बहिणीशी गच्चीवर बोललेला मुलगा.

मी नाही म्हटलं. आई कित्येक दिवस माझ्याशी धड बोलली नाही.

मला सगळ्यात लागलं ते हे, की मावशीच्या हिशेबात खोट नव्हती. गुणमेलन चंद्राच्या नक्षत्रावरून होतं. 27 नक्षत्रं, प्रत्येकाचे 4 चरण, म्हणजे सगळी माणसं 108 खणांत बसली. आम्ही काही मिनिटांच्या अंतराने जन्मलो, एकाच खणात पडलो. तिचे त्या मुलाशी 36 पैकी जितके गुण जुळले, तितकेच माझे जुळणार.

शेक्सपिअरच्या 'कॉमेडी ऑफ एरर्स'मध्ये बायको नवऱ्याच्या जुळ्या भावाला घरात जेवू घालते आणि खरा नवरा दाराबाहेर ठोठावत राहतो. प्रेक्षक हसतात, कारण बायको फसली तरी त्यांना ते दोघे वेगळे आहेत हे पक्कं ठाऊक असतं. आमच्या स्वयंपाकघरात कुणीच फसलेलं नव्हतं. सगळ्यांना आम्ही वेगळ्या ठाऊक होतो, तरी चालणार होतं.

त्यानंतर मी केस कापले आणि सांगत सुटले की आमच्यात काहीच सारखं नाही. त्या मुलीला आज विचारावंसं वाटतं, काहीच म्हणजे काय गं? फोनवर आईला आजही आमचे आवाज वेगळे ओळखू येत नाहीत. 'सेम' म्हणणाऱ्यांसारखंच तूही कशाच्या बाबतीत ते सांगितलं नाहीस. त्यावर ती मुलगी मला विचारते, "पण ते ठरवायचं कुणी? मावशीनेही ठरवलंच होतं की." यावर माझ्यापाशी उत्तर नाही. दोन गोष्टी कुठल्या कसोटीवर ताडायच्या, हे गणित सांगत नाही. कसोटी दिलीत तर ती टिकते का, एवढंच बघतं.

तेव्हा नाकाबद्दल विचारत असाल, तर हो, सेम. आवाजाबद्दलही हो. त्या स्थळाबद्दल विचारत असाल तर नाही, आणि ते मला अजून 'नाही' म्हणण्यापलीकडे सिद्ध करता आलेलं नाही.